न केलेली चाचणी

सिद्धनाथ कंपनीत नेमकं काय करतो, हे त्याच्या वहिनीने, भागूबाईने, एकदाच विचारलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या लायनीवर प्रत्येक खोक्यावर जो नंबर छापतो ना, तो माझ्या मशिनीतनं येतो." तिला एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या चाळीस बायकांना तिने सांगून टाकलं, "ह्यो नंबर आमचं भावजी धाडत्यात."

म्हटलं तर ते खरंच होतं. उरवडे रस्त्यावरच्या त्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या खोक्यात भरल्या जात. दर खोक्याला वेगळा नंबर, एकासारखा दुसरा नाही. कुठल्या बॅचची गोळी कुठल्या गावात गेली, हे पुढे कधीही शोधता यावं म्हणून. खोकं छपाईच्या यंत्रापुढे आलं की यंत्र डेटाबेसकडे नंबर मागायचं, डेटाबेस द्यायचा, खोकं पुढे सरकायचं. नंबर यायला उशीर झाला तर खोकं बाजूच्या टोपलीत पडायचं. नंबर आलाच नाही, तर पट्टा थांबायचा. तो डेटाबेस ज्या सर्व्हरवर होता, तो सिद्धनाथच्या ताब्यात होता.

त्याचं घर कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला. मेंढरं आणि शेरडं राखणारं घर. आई लवकर गेली. थोरला भाऊ धुळाजी मेंढरं घेऊन चार-चार महिने खाली मुलुखात असायचा. भागूबाई लग्न होऊन आली तेव्हा सिद्धनाथ चौथीत होता. पौडच्या कॉलेजात जायची वेळ आली तेव्हा घरात पेच पडला, त्याच्या वाट्याची शेरडं राखायची कुणी? भागूबाई म्हणाली, "मी राखते. त्याला जाऊंद्या." चार वर्षं तिने राखली. कडेवर मूल, हातात काठी. या गोष्टीचा तिने पुढे कधी उच्चार केला नाही, म्हणूनच ती त्याच्या मनातून कधी गेली नाही.

कंपनीत तो आधी गेटवर लागला, गाड्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर टाकायला. तिथून स्टोअरला, तिथून आयटीत. डेटाबेस त्याला कुणी शिकवला नाही. तो सांभाळणारा साहेब नोकरी सोडून गेला आणि त्याच्या मागे पासवर्डांची वही तेवढी राहिली. सिद्धनाथने सहा महिने पुस्तकं वाचली, चुकला, शिव्या खाल्ल्या आणि शिकला. पुढे आठ वर्षांत त्या सर्व्हरच्या पंख्याच्या आवाजावरून त्याला आत काय चाललंय ते कळू लागलं. कारखान्यात त्याला मान होता. कायम नोकरी होती. पुढे भागूबाईला काम हवं होतं तेव्हा कंत्राटदाराचा सुपरवायझर वाल्मीक याच्याकडे त्यानेच शब्द टाकला आणि ती पॅकिंगला लागली. ती कंत्राटावर होती. ज्या दिवशी काम, त्या दिवशीची हजेरी.

मार्चमध्ये आयटीचे मॅनेजर शेखर पवळे यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"सिद्धनाथ, आपले तिन्ही सर्व्हर जुने झालेत. स्टॉकचा, हजेरीचा आणि तुझा नंबरांचा. मुंबई ऑफिस म्हणतंय, सगळं व्हर्च्युअल करा. दोन मोठी मशिनं येणार आहेतच. प्रश्न एवढाच की तुझा डेटाबेस त्यात घालायचा की वेगळा ठेवायचा. फायदा काय, खर्च काय, धोका काय, सगळं लिहून दे. तू म्हणशील तसं करू."

"मी म्हणेन तसं?"

"त्या मशिनीला तुझ्याइतकं कोण ओळखतं?"

व्हर्च्युअल म्हणजे काय ते सिद्धनाथला ठाऊक होतं. एका मोठ्या यंत्राच्या पोटात चार-पाच लहान यंत्रं नांदतात, जी लोखंडाची नसतात, नुसत्या सॉफ्टवेअरची असतात. प्रत्येकाला वाटतं की सगळं घर आपलंच. फायदा उघड होता. एक मोठं यंत्र बंद पडलं तर त्यातला डेटाबेस दहा मिनिटांत दुसऱ्यावर उठून उभा राहतो. वीज कमी, एसी कमी, जुने सुटे भाग शोधत फिरणं बंद. तोटाही होता. एका घरात पाच जण राहिले की न्हाणीघरापुढे रांग लागते. डिस्क एक, मेमरी एक, आणि मागणारे अनेक.

मशिनं आली, आणि ती विकणाऱ्या कंपनीने अनिमेष नावाचा माणूस पाठवला. तिशीचा, शांत, हिंदीत बोलणारा. त्याने सिद्धनाथला कधी कमी लेखलं नाही, उलट त्याच्याकडूनच बारकावे लिहून घेतले. दोघांनी मिळून चाचणी लावली. नंबरांच्या आणि स्टॉकच्या डेटाबेसची एकेक नक्कल नव्या यंत्रात बसवली आणि नंबरांच्या नकलेकडे खोटी खोकी पाठवायला सुरुवात केली. दिवस सिद्धनाथने निवडला. महिनाअखेरचा, स्टॉकचे सगळे रिपोर्ट एकदम निघतात तो. असा दिवस निवडणं चूक नव्हतं. सर्वांत वाईट दिवशी जे टिकतं, ते एरवीही टिकतं.

त्या दिवशी ते टिकलं नाही. हजारात साठ-पासष्ट खोक्यांना नंबर उशिरा आला. म्हणजे तेवढी खोकी टोपलीत.

अनिमेषने आकडे बघितले आणि मान हलवली. "सिद्धनाथजी, दोनों डेटाबेस एक ही डिस्क पर रख दिए हमने. मेरी गलती है. डिस्क अलग कर देते हैं, मेमरी रिझर्व्ह कर देते हैं. दो दिन में फिर से टेस्ट करते हैं."

"देखते हैं," सिद्धनाथ म्हणाला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने प्रस्तावाचा कागद परत एकदा चाळला. शेवटच्या पानावर एक ओळ होती, जी त्याने आधी वाचून सोडून दिली होती: व्हर्च्युअल यंत्रांची देखभाल मुख्य कार्यालयातील टीम करेल. डबा उघडा तसाच राहिला. मुंबईत बसलेली पाच-सहा पोरं त्याचा डेटाबेस पडद्यावरून सांभाळणार. मग आपण? प्रिंटरमध्ये कागद अडकला की काढायला? त्याला गेटवरची ती खुर्ची आठवली, उन्हाची तिरीप थेट तोंडावर येणारी.

दुसऱ्या दिवशी अनिमेषचा फोन आला. सिद्धनाथ म्हणाला, "इस हफ्ते ऑडिट है." ऑडिट होतं, हे खरं. पण ते दोन दिवसांचं होतं आणि आठवड्याचे बाकीचे दिवस मोकळे होते. पुढच्या आठवड्यात अनिमेषने पुन्हा विचारलं. सिद्धनाथने सांगितलं, रिपोर्ट द्यायची तारीख जवळ आली. तीही खरी होती. त्याने एकदाही खोटं सांगितलं नाही.

रिपोर्ट त्याने मन लावून लिहिला. डेटाबेसचं लायसन्स मोठ्या यंत्राच्या सगळ्या कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक भागावर, मोजलं जातं, आपण त्यातले चारच वापरले तरी. त्यामुळे खर्च जवळजवळ तिप्पट होईल, हे लिहिलं. खरं होतं. चाचणीचे आकडे लिहिले. तेही खरे. 'डिस्क वेगळी करून सुधारणा होण्याची शक्यता' असंही लिहिलं, एका ओळीत, तेराव्या पानावर. जुनं यंत्र बंद पडल्यास किती वेळ जाईल, या रकान्यात त्याने 'एक दिवस' भरलं. सुटे भाग पुरवणारी एजन्सी तसं म्हणाली होती. ते मॉडेल आता बनत नाही हे त्याला माहीत होतं. एजन्सीला भाग दाखवा म्हणून त्याने विचारलं नाही. शेवटी शिफारस: स्टॉक आणि हजेरी नव्या यंत्रात हलवावी, नंबरांचा डेटाबेस वर्षभर आहे तिथेच ठेवावा.

शेखर पवळेंनी रिपोर्ट वाचून त्याची पाठ थोपटली. "मुंबईवाले गप्प झाले. आकडे दिले ना तू!"

त्या संध्याकाळी तो घरी पेढे घेऊन गेला. बायको सोनियाने विचारलं, "कशाचं?" तो म्हणाला, "असंच."

ऑगस्टातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, पट्टे थांबले.

सिद्धनाथ सर्व्हरच्या खोलीत धावला. पंखे चालू होते, दिवे चालू होते, पण डिस्कांना यंत्राशी जोडणारं कार्ड मेलं होतं. एजन्सीला फोन केला. "बघतो साहेब." तासाभराने एजन्सीचा फोन आला, पुण्यात नाही, मुंबईत नाही, चेन्नईत एक असेल कदाचित.

तो घाबरला नाही. पहाटेचा बॅकअप होता, त्यानंतरच्या नोंदीही वेगळ्या ठेवलेल्या होत्या. नव्या मोठ्या यंत्रात जागा होती. अनिमेषला फोनवर घेऊन त्याने डिस्क वेगळी दिली, मेमरी राखून ठेवली, आणि दुपारी चारला डेटाबेस उभा केला. एकही नंबर हरवला नव्हता. कपाळ पुसत तो क्वालिटीच्या प्रमुख स्नेहल मॅडमकडे गेला. "मॅडम, तयार आहे. लाइन सोडा."

स्नेहल मॅडमनी चष्मा काढला. "या नव्या व्यवस्थेच्या चाचणीचे कागद?"

"चाचणी मार्चमध्ये केली होती."

"ती नापास झाली होती. तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे. त्यानंतरची?"

सिद्धनाथने हातातला रुमाल खिशात घातला.

"औषध आहे हे, सिद्धनाथ. एकच नंबर दोन खोक्यांवर गेला तर उद्या खराब बॅच परत मागवायची कशी? सिद्ध केल्याशिवाय मी सही करणार नाही. चाचणी करा, कागद द्या, मग लाइन चालू."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्यावर चिडायचीसुद्धा सोय नव्हती.

बुधवारी सकाळी तो गेटमधून आत शिरत होता, तेव्हा बायका बाहेर उभ्या होत्या. रिमझिम पाऊस, डोक्यावर प्लास्टिकचे कागद. वाल्मीक हात हलवत सांगत होता, "लाइन बंद हाय. घरी जावा. फोन करतो." बायका हलत नव्हत्या, कारण भागूबाई त्यांना म्हणत होती, "थांबा गं. आमचं भावजी हायेत आत. दुपारपातूर व्हतंय बघा." तिला तो दिसला. "भावजी, नंबर येईना व्हय?"

"येतील वहिनी."

"कवा?"

"येतील," तो म्हणाला आणि आत गेला.

चाचणी बुधवारी लावली, गुरुवारी चालली, शुक्रवारी तिचे कागद झाले, शनिवारी सकाळी सह्या झाल्या. चेन्नईचं कार्ड शुक्रवारी आलं, ते बसलंच नाही. या दिवसांत कायम नोकरीतले लोक हॉलमध्ये कपाटं आवरत बसले. कंत्राटाच्या बायका रोज सकाळी गेटपर्यंत येऊन परत गेल्या, कारण फोन येईपर्यंत घरी बसलं आणि तेवढ्यात लाइन सुरू झाली तर वाल्मीक दुसरीला घेईल, अशी धास्ती होती.

गुरुवारी दुपारी चाचणीचा निकाल पडद्यावर आला, तेव्हा खोलीत तो एकटा होता. मुद्दाम महिनाअखेरीएवढा भार टाकला होता. दहा हजार खोटी खोकी. उशीर झालेली चार.

तो कितीतरी वेळ त्या चाराकडे बघत राहिला. हजारात साठ कुठे आणि दहा हजारांत चार कुठे. दोन दिवसांचं काम. तेव्हाच ते केलं असतं, तर रिपोर्टचं शेवटचं पान वेगळं झालं असतं. आणि समजा झालं नसतं, लायसन्सच्या खर्चापायी डेटाबेस जुन्याच यंत्रावर ठेवला असता, तरी स्नेहल मॅडमच्या फायलीत कागद पडून राहिले असते आणि मंगळवारी संध्याकाळी पट्टे फिरले असते. त्याला वाटलं, आपल्याला हा निकाल तेव्हाच माहीत होता. बघायचा नव्हता, म्हणून बघितला नाही.

शनिवारी लाइन सुरू झाली. सगळ्यांनी सिद्धनाथचं कौतुक केलं, एकही नंबर जाऊ दिला नाही म्हणून. शेखर पवळे म्हणाले, "जुनं मशीन, कुणाचा दोष नाही." ते त्याला शिवीपेक्षा जड गेलं.

पुढच्या आठवड्यात बातमी आली. परदेशी जाणाऱ्या मालाची एक ऑर्डर उशिरामुळे कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याकडे गेली होती. दुसरा पट्टा दिवाळीपर्यंत बंद. वाल्मीकने चौदा बायकांची नावं काढली. वयाने मोठ्या, त्या आधी. भागूबाई सेहेचाळीस वर्षांची होती.

सिद्धनाथ वाल्मीककडे गेला. वाल्मीक म्हणाला, "तुमच्या वहिनीला ठेवतो, तुमी म्हणत असाल तर. मग दुसरीचं नाव घालावं लागंल. सांगा कुणाचं घालू?" तो तसाच परत फिरला.

रविवारी सकाळी भागूबाई गोठ्यात होती. घरात अजून आठ शेरडं होती. ती लेंड्या झाडत होती. तो बाहेरच्या दगडावर बसला.

"वहिनी, तुमचं काम माझ्यामुळं गेलं."

"मशिन मोडली. त्याला तुमी काय करणार?"

"मशिन मोडणारच व्हती. मोडली तरी काम थांबू नये अशी सोय करता येत व्हती. ती करायची का न्हाई, हे मला इचारलं व्हतं. मी नगं म्हनून लिहून दिलं."

तिचा खराटा थांबला. "का?"

"एक चाचणी करायची राहिली व्हती. केली असती तर सोय चांगली हाय असं निघालं असतं. मग माझं काम मुंबईला गेलं असतं."

"नोकरी गेली असती तुमची?"

"न्हाई. नोकरी राहिली असती. मान गेला असता."

एक करडू तिच्या पायात घुटमळत होतं, ते तिने बाजूला सारलं.

"ते लिहून दिलंत, त्यात आमी कुटं व्हतो?"

त्याने आठवून बघितलं. विजेचा खर्च होता, एसीचा होता, लायसन्सचा होता, वाया जाणाऱ्या खोक्यांचा होता. काम थांबल्याचं नुकसान कंपनीचं धरलं होतं, तेही एका दिवसाचं.

"तुमी न्हवता," तो म्हणाला.

"चौदा जणी हायेत आमी. त्यात सगुणाबाई हाय, तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. तिला काय सांगू मी? मी रोज गेटवर उभी राहून सांगत व्हते, आमचं भावजी हायेत आत."

"मी सांगतो तिला."

"तुमी काय सांगनार? मशिनीची भाषा? ऱ्हाऊंद्या." तिने पुन्हा झाडायला सुरुवात केली. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "ज्याला इचारत्यात त्यानं नीट सांगावं. आमाला तर कुनी इचारतबी न्हाई."

सोमवारी तो शेखर पवळेंच्या केबिनमध्ये गेला. घडलेल्या प्रकाराचा अहवाल मुंबईला जायचा होता आणि त्यात कारण लिहायचं होतं. शेखरनी लिहिलं होतं: यंत्राचं आयुष्य संपणे.

"सर, त्यात आणखी एक घाला. दुसरी चाचणी सुचवली होती, ती मी टाळली."

शेखर हसले, मग त्याचं तोंड बघून थांबले. "वेड लागलंय का? ऑडिट होतं तेव्हा."

"दोनच दिवस होतं."

"हे बघ, एकदा लिहिलं की ते तुझ्या नावावर कायमचं बसतं. आणि माझ्याही. मी सही केली होती त्या रिपोर्टवर. तेराव्या पानावरची ओळ मीही वाचली होती. मी विचारलं का तुला?"

हे सिद्धनाथला नवीन होतं. शेखर खिडकीबाहेर बघत होते.

"मग माझ्या नावावर वेगळा कागद जोडतो, सर. तुमचं नाव नाही घालत."

"त्याने त्या बायका परत येणार आहेत का?"

"नाही."

"मग?"

कागद मात्र त्याने जोडला. खाली एक मागणी लिहिली, दुसरा पट्टा सुरू झाला की काढलेल्या चौदाजणींना आधी बोलवावं. मुंबईहून उत्तर आलं ते पहिल्या भागाचं. त्या वर्षीची त्याची पगारवाढ थांबली, आणि डेटाबेसची देखभाल महिन्याभरात मुख्य कार्यालयाकडे गेली. मागणीबद्दल एवढंच कळवलं होतं की कंत्राटी कामगारांचा विषय कंत्राटदाराच्या अखत्यारीत येतो. दिवाळीनंतर पट्टा सुरू झाला तेव्हा वाल्मीकने पाच जणींना बोलावलं. सगुणाबाईला बोलावलं. भागूबाईला नाही. बोलावलं असतं तरी ती गेली असती का, कुणास ठाऊक.

सिद्धनाथ अजून त्याच खोलीत बसतो. जुनं यंत्र भंगारात गेलं, ती जागा रिकामी आहे. मुंबईची पोरं हुशार आहेत, सभ्य आहेत. कधी अडलं तर त्याला फोन करतात, तो सांगतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी त्यालाच बोलावतात. आपल्याला जे जाईल म्हणून भीती वाटत होती ते गेलं, आणि ते वाटलं होतं तेवढं मोठंही नव्हतं, हे त्याला रोज थोडं थोडं कळतं. अशा वेळी त्याला स्वतःची लाज जास्त वाटते.

भागूबाईला लवळ्याच्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटायचं काम मिळालं. सकाळी सहाला रिक्षा असते. रिक्षा चुकली की सिद्धनाथ तिला मोटरसायकलवर सोडतो. दोन-तीन महिने ती मागे बसायची आणि उतरून न बोलता निघून जायची. तिने त्याला माफ केलं की नाही, हे त्याने विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला नाही, असं त्याला वाटतं.

परवा चढावर गाडी सावकाश चालली होती, तेव्हा ती मागून एकदम म्हणाली, "काल तीनशे चपात्या उरल्या बघा. पोरांची परीक्षा हाय म्हनं, कुनी जेवायलाच आलं न्हाई."

"मग काय केलं त्यांचं?"

"काय करनार? वाळवायला टाकल्यात. शेरडांला आनते म्हनलं, तर मॅनेजर नगं म्हनतोय."

"मी बोलू का त्याच्याशी?"

"नगं," ती म्हणाली. "मी बोलते."